आधी दार, मग सिलिंडर

पुण्याजवळ उरुळी देवाची इथं ९ मे २०१९ च्या पहाटे साड्यांच्या एका दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपलेले होते आणि दार बाहेरून बंद होतं. पाचही जण गेले. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत २०२३ च्या शेवटच्या दिवशी, उजाडायच्या आत, हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेल्या सहा कामगारांचा आगीत जीव गेला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत १८ मे २०२५ ला टॉवेलच्या कारखान्यात आठ जण दगावले, त्यांत खुद्द मालकही होते. दिल्लीत मुंडक्याच्या व्यापारी इमारतीत १३ मे २०२२ ला २७ माणसं गेली. तिथं चढायला-उतरायला एकच जिना होता.

आग कशानं लागली याची चौकशी प्रत्येक वेळी होते आणि ती व्हायलाच हवी. पण इमारतीत रोज कामाला येणाऱ्यांनी त्याआधी विचारायला हवं, की आग लागल्यावर माणसाला बाहेर पडता येणार आहे का. आपल्याकडे ऑफिसची अग्निसुरक्षा म्हटलं की भिंतीवर लाल सिलिंडर टांगले जातात, त्यांच्या रिफिलिंगचं बिल फाइलला लागतं आणि विषय संपतो. हा क्रम उलटा आहे. आधी बाहेर पडायची वाट, मग वेळेवर मिळणारी सूचना, मग माणसांची मोजणी. सिलिंडर त्यानंतर.

रात्रीचं आधी सांगतो, कारण तिथं हयगय सगळ्यात जास्त होते. परगावचा कामगार खोलीभाडं वाचावं म्हणून गोदामात किंवा पोटमाळ्यावर झोपतो, मालकालाही आयताच राखणदार मिळतो, आणि चोरी होऊ नये म्हणून शटर बाहेरून लावलं जातं. मालकांनो, हे थांबवा. कापड, फोम, पुठ्ठा, रसायन यांच्यामध्ये माणसाला झोपू देऊच नका. राखणीला कुणी ठेवणं भागच असेल तर त्याची झोपायची जागा मालापासून वेगळी हवी, तिला थेट बाहेर उघडणारं दार हवं, आणि ते दार आतून किल्लीशिवाय उघडायला हवं. बॅटरीवर चालणारा साधा स्मोक अलार्म फार महाग नसतो. झोपेत धूर श्वासात गेला की माणूस बहुतेकदा जागाच होत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर कर्कश वाजणारं काहीतरी असलंच पाहिजे.

आता दिवसाची इमारत. एखाद्या संध्याकाळी घरी निघताना लिफ्टकडे न वळता मागच्या जिन्यानं खाली उतरा. बहुतेक व्यापारी संकुलांत दोन जिने असतात. एक लिफ्टच्या शेजारचा, सगळ्यांच्या रोजच्या पायाखालचा. दुसरा मागच्या अंगाला, जिथं सफाईच्या मावशी आणि सिगारेट ओढायला गेलेली पोरं यांच्याखेरीज कुणी फिरकत नाही. या दुसऱ्या जिन्यावर काय भेटतं? चौथ्या मजल्यावर गेल्या दिवाळीच्या आकाशकंदिलांची खोकी आणि पाठ मोडलेल्या दोन खुर्च्या. तिसऱ्यावर पाण्याचे वीस लिटरचे रिकामे जार, एकावर एक रचलेले. दुसऱ्यावर कधीच बंद पडलेल्या कुठल्यातरी कंपनीच्या फायलींचे गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. पहिल्या मजल्याच्या वळणावर चहावाल्याचं टेबल आणि त्याखाली गॅसची छोटी टाकी. तळाला लोखंडी जाळीचं दार, त्याला कुलूप, किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी काढून द्यायला गेलेला. असा जिना शोधायला लांब जावं लागत नाही.

यातली प्रत्येक वस्तू तिथं आली ती कुणाच्या तरी साध्या अडचणीपोटी. जागा कमी, भाडं जास्त, चोरीची धास्ती. त्यामुळे 'जिन्यात सामान ठेवू नये' अशी पाटी लावून जिना मोकळा होत नाही. खोक्यांना दुसरी जागा नेमून द्या, रद्दीवाल्याला दिवस ठरवून बोलवा, चहावाल्याला गेटजवळ सोय करून द्या. चोरीच्या भीतीनं कुलूप घातलं असेल तर पॅनिक बारचं दार बसवा: बाहेरून ते उघडत नाही, आतून मात्र आडवा दांडा ढकलला की उघडतं. त्याला बझर जोडला की कुणी उगाच उघडलं तरी लगेच कळतं. खर्च एकदाच होतो आणि चोरीची काळजीही मिटते.

दारांबद्दल राष्ट्रीय इमारत संहितेचं म्हणणं अगदी सरळ आहे. बाहेर पडायचं दार बाहेरच्या दिशेला उघडलं पाहिजे, आतल्या माणसाला ते उघडायला किल्ली लागता कामा नये, आणि सरकतं दार किंवा शटर या कामासाठी चालत नाही. कारण घाबरलेली वीस माणसं एकदम दारावर लोटली की आत उघडणारं दार कुणालाच ओढता येत नाही. ऑफिसच्या कुठल्याही कोपऱ्यापासून जिन्यापर्यंतचं अंतर साधारण ३० मीटरच्या आत असावं, आणि तेही नकाशावर सरळ रेघ ओढून मोजायचं नसतं, पार्टिशनला वळसे घालत चालून मोजायचं असतं. नवीन केबिन काढली, पार्टिशन हललं, की हे अंतर पुन्हा मोजा.

हल्ली कुलपाची जागा ॲक्सेस कार्डनं घेतली आहे. चुंबकावर बंद होणारं काचेचं दार वीज गेली किंवा अलार्म वाजला की आपोआप मोकळं व्हायला हवं. ते होतं का, हे बसवणाऱ्याच्या शब्दावर सोडू नका. सुट्टीच्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवा, अलार्म वाजवा, वीज तोडा, युपीएसही बंद करा आणि प्रत्येक दार हातानं ढकलून बघा. मुख्य प्रवेशाशी कमरेएवढ्या फिरत्या फाटकांची रांग असेल तर तीही मोकळी होते का ते बघा.

जिन्याच्या तोंडाशी असलेलं जाड दार, ज्याला फायर डोअर म्हणतात, ते मात्र बंदच राहिलं पाहिजे. कुलूप लावून नव्हे, नुसतं लोटून, आपोआप मिटणारं. येता-जाता हात लावायचा कंटाळा म्हणून ते विटेनं, कुंडीनं, कधी तर चक्क फायरच्या सिलिंडरनंच अडकवून उघडं ठेवलेलं असतं. मग खालच्या मजल्यावर काही पेटलं, की तोच जिना धुराड्यासारखा काम करतो आणि सगळा धूर वरच्या मजल्यांवर नेऊन सोडतो. अडकवायला ठेवलेली वीट काढणं हे कुठल्याही यंत्रणेपेक्षा स्वस्त काम आहे.

धुराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक ज्वाळांना भितात आणि धुराला कमी लेखतात. आगीत जीव बहुतेक वेळा भाजून जात नाही, गुदमरून जातो. जळणाऱ्या वायरच्या आवरणातून, खुर्च्यांच्या फोममधून, फॉल्स सीलिंगमधून कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी वायू निघतात. गरम धूर आधी छताला जाऊन साठतो आणि तिथून खाली उतरत येतो. त्यामुळे थोडा वेळ तरी जमिनीलगतची हवा श्वास घेण्याजोगी असते. म्हणून वाकून, वेळ पडली तर रांगत निघायचं. मुंबईत लोअर परळच्या कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ ला गच्चीवरच्या रेस्टॉरंटना लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्यांतले कित्येक जण आसऱ्यासाठी स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथंच गुदमरले. पाणी आहे म्हणून ती जागा सुरक्षित वाटते. पण तिला दुसरं दार नसतं, आणि बहुधा मोठी खिडकीही नसते.

बाहेर पडणं शक्यच नसेल, जिन्यात काळा धूर भरलेला असेल, तर रस्त्याच्या बाजूला खिडकी असलेली खोली गाठा. दार मिटा, फटीत ओले कपडे कोंबा, फोन करून नेमका मजला आणि कोपरा सांगा, खिडकीतून ठळक रंगाचा कपडा हलवा. कुठलंही दार उघडण्याआधी त्याला हाताची मागची बाजू लावून बघा. गरम लागलं तर ते उघडू नका. निघताना मागची दारं ओढून घ्या, पण कुलूप नको. लिफ्टच्या वाटेला जायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. गच्चीकडे धाव घ्यायची नाही हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. खालची वाट उपलब्ध असेल तर खालीच उतरायचं. उंच इमारतींत ठरावीक मजल्यांवर रेफ्यूज एरिया म्हणजे आसऱ्याची मोकळी जागा ठेवलेली असते. तुमच्या इमारतीत ती कोणत्या मजल्यावर आहे हे आजच विचारून घ्या, आणि तिथं कुणी कॅन्टीन किंवा स्टोअर थाटलं असेल तर लेखी तक्रार करा.

सूचना वेळेवर मिळाली तरच ही सगळी वाट कामाची. तळमजल्यावर सिक्युरिटीच्या टेबलामागं अलार्मचं पॅनल असतं. जाऊन बघा: पिवळा 'फॉल्ट'चा दिवा पेटलेला आहे का? बझर गप्प करून ठेवलाय का? कुणीतरी मिटिंग रूममध्ये धूप लावला, पॅन्ट्रीत टोस्ट करपला, दोन-चार वेळा खोटा अलार्म झाला, की कटकट नको म्हणून हूटर बंद केला जातो आणि पुन्हा चालू करायची आठवण कुणाला राहत नाही. खोटा अलार्म वाजत असेल तर त्या डिटेक्टरची जागा बदला, तो साफ करा. आवाज बंद करणं हा त्यावर उपाय नव्हे.

पॅनलपासून पंपरूमपर्यंत जा. तिथं प्रत्येक पंपाला एक फिरवायचा स्विच असतो, ऑटो, ऑफ आणि मॅन्युअल असा. आगीच्या पंपाचा तो स्विच 'ऑटो'वर हवा. ऑफवर असेल तर वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडल्यावर पाइपात उरलेलं थोडं पाणी येईल आणि मग काहीच येणार नाही. आगीसाठी राखलेल्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात संडास-बाथरूमला वळवलेलं असतं, तेही बघा. मजल्यावरची होजची लाल पेटी उघडा. आत पाइप आहे, पण टोकाला लावायचं नोझल, म्हणजे ब्रँच पाइप आहे का? पितळेला भंगारात भाव मिळतो, त्यामुळे ते आणि जोडण्या गायब होतात. काच शाबूत दिसते म्हणून पेटी भरलेली आहे असं धरून चालू नका.

आता माणसं. प्रत्येक मजल्यावर दोन जण नेमा. त्यांना मार्शल म्हणा, वॉर्डन म्हणा. एक पुढं राहून वाट दाखवेल, दुसरा शेवटी निघेल आणि निघताना स्वच्छतागृह, सर्व्हर रूम, प्रार्थनेची किंवा बाळाला पाजायची खोली, कानात हेडफोन घालून कोपऱ्यात बसलेला मुलगा, सगळं बघून येईल. नेमताना हुद्दा बघू नका. साहेब निम्मे दिवस बाहेर असतात. रोज जागेवर असणारी, खणखणीत आवाजाची व्यक्ती निवडा, आणि तिच्या रजेच्या दिवसासाठी बदली माणूसही ठरवा. ड्रिल करून बघाल तेव्हा खरी गडबड मैदानात, असेम्ब्ली पॉइंटवर कळते. एचआरच्या यादीतले सगळे हजर निघतात आणि सगळे निर्धास्त होतात. पण त्या यादीत कंत्राटी सफाई कामगार नसतात, कॅन्टीनची माणसं नसतात, एसी दुरुस्तीला आलेला पोरगा नसतो, मुलाखतीसाठी रिसेप्शनला बसलेली मुलगी नसते. जी माणसं यादीत नाहीत त्यांना शोधायला कुणी परत जाणार नाही. त्यामुळे गेटवरचं रजिस्टर किंवा त्याची रोजची प्रत बाहेर येणाऱ्या सिक्युरिटीच्या हातात असायला हवी, आणि कंत्राटदाराच्या मुकादमानं आपली माणसं वेगळी मोजायला हवीत.

व्हीलचेअरवर असणारे, काठी घेऊन चालणारे, पोटुशा बायका, नुकतं ऑपरेशन झालेले, कमी ऐकू येणारे यांच्यासाठी नुसतं 'मदत करा' म्हणून भागत नाही. प्रत्येकासोबत दोन नावं ठरवा आणि त्या व्यक्तीला विचारूनच ठरवा: कसं उचलायचं, कुठं धरायचं, काय नको. जिन्यावरून खाली सरकवत न्यायची खुर्ची मिळते, ती घ्या आणि एकदा रिकामी, एकदा माणूस बसवून उतरवून बघा. त्या व्यक्तीला ड्रिलमधून 'तुम्ही बसा आरामात' म्हणून वगळू नका.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचे स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात. बहुतेक ऑफिसांचं ड्रिल याच आठवड्यात, आधी मेल पाठवून, सकाळी अकराला, छान उन्हात होतं. ते कराच. पण संहितेच्या सूचनेप्रमाणे सुरुवातीची दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि पुढं दर सहा महिन्यांनी ड्रिल हवं. त्यातलं एखादं न सांगता घ्या, एखादं रात्रपाळीत घ्या, आणि एकदा तरी मुख्य जिना बंद आहे असं धरून घ्या. लोक ज्या वाटेनं आत आले त्याच वाटेनं बाहेर पडू बघतात. दुसरी वाट पायांना माहीत व्हायला ती चालावीच लागते.

अलार्म वाजताच १०१ किंवा ११२ ला फोन गेला पाहिजे. 'आधी आपण बघू, मग कळवू' यात मोलाची मिनिटं जातात. एमआयडीसीच्या अनेक वसाहतींत महामंडळाचं स्वतःचं अग्निशमन केंद्र असतं. त्याचा थेट नंबर गेटवर मोठ्या अक्षरांत लावा. फोन करणाऱ्यानं इमारतीचं नाव, रस्ता, जवळची खूण, काय पेटलंय, कितव्या मजल्यावर आणि आत कुणी अडकलंय का हे सांगायचं, आणि पलीकडचा माणूस ठेवेपर्यंत फोन ठेवायचा नाही. एक जण रस्त्यावर जाऊन बंबाला वाट दाखवेल. तोवर गेटसमोरच्या दुचाकी हलवा. अधिकारी आल्यावर त्यांना तीन गोष्टी लगेच हव्या असतात: विजेचं मेन कुठं आहे, गॅस किंवा रसायन कुठं साठवलंय, आणि आत किती माणसं आहेत.

सिलिंडरला हात घालायचा तो अलार्म दिल्यावर, आग कचऱ्याच्या डब्याएवढीच असेल तेव्हा, पाठीशी बाहेरची वाट असेल तेव्हा, आणि सोबत कुणी असेल तेव्हा. पिन ओढा, नोझल ज्वाळेच्या शेंड्याकडे न धरता बुडाकडे धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. लहान सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. तेवढ्यात विझली नाही तर दुसरा शोधू नका, निघा. एबीसी पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजनावरून तपासतात, आणि वापरताना त्याच्या कर्ण्याला उघडा हात लावायचा नाही, कारण तो बर्फासारखा गार होतो. विजेच्या आगीवर पाणी नाही, पॅन्ट्रीतल्या पेटत्या तेलावर तर मुळीच नाही. गॅस बंद करून झाकण सरकवा.

आग लागूच नये म्हणून करायच्या गोष्टी पुष्कळांना ठाऊक असतात, त्यामुळे नवीन धोक्यापुरतं सांगतो. विजेच्या स्कूटरची बॅटरी काढून वर ऑफिसात आणून, जिन्याखालच्या प्लगवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर लावून ठेवायची सवय वाढली आहे. लिथियमची बॅटरी आतून तापून पेटली की पावडरनं दबल्यासारखी वाटते आणि पुन्हा भडकते. तिला भरपूर पाण्यानं थंड करावं लागतं, आणि तिचा धूर विषारी असतो. चार्जिंगची जागा बाहेर उघड्यावर, जिन्यापासून आणि बाहेर पडायच्या वाटेपासून लांब ठेवा. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावूच देऊ नका.

महाराष्ट्रात ही जबाबदारी कुणाची, हे कायद्यात स्पष्ट आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार मालक किंवा भोगवटादार यांनी यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीमार्फत 'फॉर्म बी' अग्निशमन विभागाला द्यायचा. भाड्यानं जागा घेतली म्हणून तुम्ही सुटत नाही. भोगवटादार तुम्हीच आहात. भाडेकरार करताना गेल्या वेळच्या फॉर्मची प्रत मागा. आणि तुमच्याकडे तो फॉर्म सहीला आला की एजन्सीच्या माणसाला चहा पाजून बसवून ठेवू नका, सोबत घेऊन जा: त्याच्यासमोर पंप चालू करा, सगळ्यात वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडून धार बघा, अलार्म वाजवा, कार्डाची दारं ढकला, मागच्या जिन्यानं खाली या. जे चाललं नाही ते दुरुस्त करायची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव लिहून घ्या, आणि ते चालू झाल्यावरच सही करा.